आराखडा तांड्याला आणि गल्लीला ठरवू द्या

पुसदच्या कापड दुकानांत दिवाळीला किती गर्दी होणार, हे सोयाबीनच्या भावावर ठरते. यवतमाळ जिल्ह्यातले, पुस नदीकाठचे हे शहर २०११च्या जनगणनेत सुमारे ७३ हजार वस्तीचे होते. भोवतीच्या डोंगरउतारांवर बंजारा तांडे, आंध आदिवासींची गावे आणि कापूस, सोयाबीन, तुरीची कोरडवाहू शेती. शेतमालाला भाव मिळाला की कापडवाल्यापासून शिंप्यापर्यंत आणि भांडीवाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांचा गल्ला भरतो. भाव पडला की उधारीच्या वह्या भरतात. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. विदर्भातल्या बाजार समित्यांत बराच माल चार हजारांच्या आसपास गेला. हमीभावाने विकायचे तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. ओरड झाल्यावर केंद्राने नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर अनेक गरजवंतांनी माल देऊन टाकला होता.

गाव आणि शहर असे एकमेकांवर जगत असताना सरकारी मदत मात्र तुकड्यातुकड्यांनी येते. ग्रामविकास, नगरविकास, कृषी, आदिवासी विकास, महिला व बालविकास अशी खाती वेगळी, अर्ज वेगळे, मुदती वेगळ्या. ग्रामसभा, बचत गटांचे संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, फेरीवाल्यांच्या समित्या या लोकांच्या संस्था रांगेच्या शेवटी उभ्या असतात, त्याही लाभार्थी म्हणून. विस्कटलेली स्थानिक अर्थव्यवस्था पुन्हा उभी करायची असेल तर या संस्थांना निर्णयाच्या जागी बसवले पाहिजे. पैसा, तांत्रिक मदत आणि हिशेबाची तपासणी हे सरकारचे काम. काय करायचे, कुठे आणि कोणत्या महिन्यात, हे लोकांनी ठरवायचे.

ही मागणी पुसदला परकी नाही. जवळच्याच गहुलीत जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९७२चा दुष्काळ पडला. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना त्या संकटात राज्याची योजना बनली. मजूर संघटनांनी मोर्चे काढले आणि रोजगार हा हक्क म्हणून मागितला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे, न मिळाल्यास बेरोजगार भत्ता, अशी बांधिलकी देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने स्वीकारली. केंद्राचा ग्रामीण रोजगार हमीचा कायदा २००५ साली आला.

या योजनेचा पैसा कुठून आला, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून, डॉक्टर-वकिलांच्या मिळकतीतून दरवर्षी थोडी रक्कम घेऊन ती रोजगार हमीकडे वळवली आणि सरकारने त्यात आपली भर घातली. मुंबई-पुण्यातल्या कारकुनाने भरलेल्या करातून विदर्भ-मराठवाड्यात पाझर तलाव आणि रस्ते झाले. शहर आणि गाव यांना एका हिशेबात बांधणारे असे दुसरे उदाहरण देशात शोधून सापडणे कठीण.

याच जिल्ह्याने दुसऱ्या प्रकारची मदतही पाहिली. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १ जुलै २००६ रोजी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्यात होता. सर्वांत मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा, त्याखालोखाल थकीत व्याजमाफीचा. जोडधंदा म्हणून अनुदानावर दुधाळ गायी वाटायचे ठरले. चाऱ्याची सोय नाही, उन्हाळ्यात माणसांच्याच पाण्याचे हाल, दूध गोळा करणारी यंत्रणा दूर, अशा गावांत या गायी पोहोचल्या. गायीचा खर्च दुधातून निघेना, तेव्हा अनेकांनी त्या विकून टाकल्या. गाय द्यायची की चारा पिकवायला विहीर, शेळ्या की कुंपण, हे गावाला आधी विचारले असते तर त्याच पैशात बरेच काही झाले असते. कोटींचा आकडा दिल्लीत ठरला आणि वस्तूंची यादीही तिथेच ठरली.

त्यानंतर आलेल्या समन्वित कृषी विकास प्रकल्पाचा, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या ‘केम’चा, रस्ता थोडा वेगळा होता. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने तो याच सहा जिल्ह्यांत राबवला गेला. महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे ‘माविम’ने, बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रे उभी केली. ही केंद्रे गटांच्या सदस्य महिलाच चालवतात. गटांची हिशेबतपासणी, बँकेची कागदपत्रे, प्रशिक्षण ही कामे तिथून होतात. पुढे ‘उमेद’ अभियानातून गावोगावी ग्रामसंघ आणि प्रभागसंघ बांधले गेले. फिरता निधी गटाला मिळतो, समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघामार्फत येतो. परत आलेले पैसे पुन्हा दुसऱ्या बाईला कर्ज म्हणून जातात. कुणाला बियाण्यासाठी, कुणाला मुलाच्या शिक्षणासाठी, हे बैठकीत बसलेल्या बायका ठरवतात. कोण खरोखर अडचणीत आहे आणि कोण हप्ता फेडील, हे त्यांच्याइतके कुठल्याही कार्यालयाला माहीत नसते.

पण गटांना काम देणे आणि निर्णय देणे यांत फरक आहे. तो २०२४मध्ये शाळा सुरू होताना साऱ्या राज्याने पाहिला. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणत सरकारने कापडाची खरेदी राज्य पातळीवर केली आणि शिलाई माविममार्फत बचत गटांकडे सोपवली. कापड उशिरा आले, कपडे आणखी उशिरा. मापे चुकली, पावसाळा सरला तरी अनेक शाळांत मुलांच्या अंगावर नवे गणवेश नव्हते. दोष शिलाई यंत्रावर बसलेल्या बाईच्या माथी मारला गेला, पण कापडाचा दर्जा, कापणी आणि वेळापत्रक यांपैकी तिच्या हातात काहीच नव्हते. अखेर तो निर्णय बदलून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. पुसदच्या शाळांचे गणवेश पुसदच्या गटांनी शिवावेत, कापड पुसदच्या व्यापाऱ्याकडून घ्यावे आणि मापे शाळेत जाऊन घ्यावीत, इतकी साधी ही गोष्ट होती. तसे केल्यास तोच सरकारी पैसा शहरातही फिरेल आणि तांड्यावरही पोहोचेल.

शहरातल्या गरिबांची स्थिती तर आणखी अधांतरी. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून नगरपालिकांच्या हद्दीत गट, वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ तयार झाले. ते अभियान सप्टेंबर २०२४मध्ये संपले. त्याच्या जागी येणारी योजना आधी देशातल्या निवडक २५ शहरांत करून पाहायचे ठरले. त्यामुळे लहान शहरांतल्या संघांना ना माणूस उरला, ना निधी. कोरोनाकाळात, जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने भाजीवाले, फळवाले, चहावाले यांना तारणाशिवाय पहिले १० हजारांचे कर्ज दिले, हे मोलाचे काम झाले. पण कर्ज घेतलेल्या गाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून हटवले तर तो हप्ता कशातून भरणार? २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत, त्यांतही एकतृतीयांश महिला. प्रत्येक नगरपालिकेने ही समिती नुसती कागदावर न ठेवता बाजाराच्या जागा तिच्या संमतीने ठरवायला हव्यात.

लोकांच्या हाती निर्णय दिल्यावर काय होते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने १९९०नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने वेगळी योजना मागितली नाही. रोजगार हमी, आदर्श गाव, वनीकरण या सर्वांसाठी असलेल्या योजनाच त्यांनी ग्रामसभेत ठरलेल्या क्रमाने वापरल्या. आधी डोंगरावरचे पाणी अडवले, चराईबंदी पाळली, मग पीक ठरवण्यासाठी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. केरळने १९९८मध्ये कुटुंबश्री सुरू करताना शेजारगट, प्रभाग आणि पंचायत किंवा नगरपालिका अशी तीन पायऱ्यांची रचना केली; खेडे आणि शहर यांसाठी एकच चौकट ठेवली आणि तिला स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियोजनाशी जोडले. खाती बदलली, सरकारे बदलली, तरी ती रचना टिकली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. लोकांच्या संस्था म्हणून उभ्या राहिलेल्या अनेक संस्था मूठभरांच्या ताब्यात गेल्या. सहकाराची महाराष्ट्रातली कहाणी पुसदकरांना पुस्तकातून वाचावी लागत नाही. शेजारच्या उमरखेड तालुक्यातला, पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना कित्येक हंगाम बंद राहिला. सभासदांचा ऊस दूरच्या कारखान्यांकडे गेला आणि कामगारांची घरे थकीत पगाराच्या आशेवर राहिली. शासनाचे भागभांडवल आणि कर्जहमी यांचा आधार महाराष्ट्रातल्या सहकाराला सुरुवातीपासून मिळाला. उणीव सभासदाच्या जागरूकतेची आणि वेळेवर होणाऱ्या उघड लेखापरीक्षणाची होती. त्यावर उपाय म्हणून निर्णय पुन्हा मंत्रालयात नेला तर गणवेशाचेच होईल. उपाय असा की खर्चाची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, सामाजिक अंकेक्षण बाहेरच्या माणसांनी करावे आणि दोषी पदाधिकाऱ्यावर त्याच वर्षी कारवाई व्हावी.

पुसद तालुक्यापुरते बोलायचे तर तीन गोष्टी लगेच करता येतील. पहिली, वेळेची. दसरा-दिवाळीनंतर तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला आणि शहरांकडे निघतात. घरी म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. मजुरीची कामे मंजूर होऊन सुरू होईपर्यंत माणसे गेलेली असतील तर ती कामे कुणाच्या उपयोगाची? दिवाळीआधी कामांची यादी मंजूर असली पाहिजे. वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजनेतून रस्ते, दिवे, समाजमंदिरे होतात, ती हवीतच. त्याच्या जोडीला तांड्याचा स्वतःचा उपजीविका आराखडा हवा, कारण मोठ्या ग्रामपंचायतीचा भाग असलेल्या तांड्याचा आवाज ग्रामसभेत सहसा शेवटी ऐकू येतो.

दुसरी, साठवणुकीची. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की सोयाबीन-तुरीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. काढणीच्या तोंडावर कृषी केंद्राची उधारी फेडायला पैसा हातात असला तर माल मातीमोल विकावा लागत नाही. पण पाच-सात पोत्यांचा शेतकरी गाडीभाडे भरून तालुक्याला येत नाही. गावपातळीवर ग्रामसंघाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला लहान गोदाम, ताडपत्री, वाळवणीचा ओटा आणि ओलावा मोजण्याचे यंत्र द्यावे, तारणाची पावती तिथेच मिळावी. २०२४मध्ये १२ टक्क्यांच्या अटीत अडकलेला माल अशाने वाचला असता.

तिसरी, खरेदीची. नगरपरिषद, शाळा, वसतिगृहे, रुग्णालये, अंगणवाड्या आणि पुसदचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प दरवर्षी धान्य, डाळ, मसाले, कपडे, जेवण यांवर खर्च करतात. त्यातला ठरावीक हिस्सा तालुक्यातल्या गटांकडून घ्यायचा आणि बिल महिन्याच्या आत द्यायचे, एवढा निर्णय स्थानिक पातळीवरच होऊ शकतो. बिल सहा महिने थकले की गटातल्या बाईला मायक्रोफायनान्सच्या दारात जावे लागते आणि तिथले व्याज वर्षाची कमाई खाऊन टाकते.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ४० टक्के भाग अबंधित होता, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरण्याची मुभा असलेला. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचा आराखडा दरवर्षी तयार होतोच. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला, माणसे ऊसतोडीला निघण्याआधी, पुसद तालुक्यातल्या प्रत्येक तांड्याने आपल्या कामांची यादी लिहून न्यावी आणि गेल्या वर्षीचा खर्च वाचून दाखवायला सांगावे. शहरातल्या फेरीवाल्यांनी आणि गटांनी हाच हिशेब नगरपरिषदेकडे मागावा. आमदार, गटविकास अधिकारी आणि मुख्याधिकारी यांनी त्या यादीतल्या प्रत्येक कामाला मुदतीत लेखी उत्तर द्यावे.