एक नाड, एक रक्तगट, एक थाप

लग्नाच्या बायोडेटात उंची, पॅकेज आणि 'मंगळ नाही' यांच्या जोडीला रक्तगट असतो. अपघातात उपयोगी पडावा म्हणून नव्हे. दोघांचा एकच निघाला तर स्थळ नाकारायला! आमच्या नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडी नगरच) नात्यातलं एक ठरत आलेलं लग्न नुकतंच यावरून मोडलं. मुलगा संगमनेरचा, मुलगी श्रीरामपूरची, दोघंही इंजिनियर, दोघंही बी पॉझिटिव्ह. मुलाचे काका म्हणाले, "एक नाड म्हणजेच एक रक्तगट. पूर्वजांना सगळं माहीत होतं." आणि इंजिनियर साहेब गप्प!

अहो, जरा हिशोब तरी करा. नाड्या तीन, रक्तगट चार. नाड ठरते जन्मनक्षत्रावरून, म्हणजे चंद्र कुठे होता त्यावरून. रक्तगट ठरतो आई-बापाकडून मिळालेल्या एकेका जीनवरून. आईकडे ए आणि ओ, बापाकडे बी आणि ओ असे जीन्स असतील, तर त्यांच्या मुलांत चारही गट निघू शकतात. दहा मिनिटांच्या फरकाने झालेल्या जुळ्यांचं नक्षत्र सहसा एकच, रक्तगट मात्र वेगळे असू शकतात. मग कसली एक नाड? आणि नवरा-बायको दोघंही बी असले तर मूल बी किंवा ओ होणार. बस्स. त्यात बाळाला धोका काय?

लक्ष द्यायचं ते आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तेव्हा. म्हणजे रक्तगट *वेगळे* असताना! तिथेही अँटी-डी नावाचं इंजेक्शन १९६८ पासून आहे. लग्न मोडायची गरज नाही.

गंमत म्हणजे याच काकांना मामाची मुलगी सून म्हणून चालते. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' शोधला. ए आणि बी ज्या 'एच'च्या पायावर उभे राहतात, तो पायाच या लोकांत नसतो. तपासणीत ओ वाटतात, पण त्यांना ओ रक्तही चालत नाही. यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला जीन यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते.

थॅलेसेमियाचंही तेच. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणजे बहुतेकदा आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं. एका साध्या रक्ततपासणीत कळतं. तो रकाना मी अजून एकाही बायोडेटात पाहिलेला नाही.