उद्याही याच नळावर



मधल्या सुट्टीत नळावर ‘आधी माझा नंबर!’ म्हणून भांडण होतं ना? पण रांगेतल्या प्रत्येकाची भाषाच वेगळी असेल तर?

आफ्रिकेतल्या केनिया देशात काकुमा ही निर्वासितांची छावणी आहे. निर्वासित म्हणजे जीव वाचवायला आपलं घरदार, देश सोडून आलेली माणसं. सुदानमधल्या युद्धातून पळालेली मुलं इथं आली, तेव्हा १९९२ साली ही छावणी सुरू झाली. मग सोमालिया, इथिओपिया, काँगो अशा देशांतूनही माणसं आली. मुलूख कोरडा. पाण्यावरून, सरपणावरून तंटे होत. कधी आपापसात, कधी तिथल्या मूळच्या तुर्काना लोकांशी.

म्हणून निर्वासितांमधूनच शांतता-गट तयार झाले. त्यांत निरनिराळ्या समाजांतले स्त्री-पुरुष असतात. ते दोन्ही बाजूंचं ऐकतात आणि तडजोड घडवतात. गंभीर गुन्हा असेल, तर मात्र प्रकरण पोलिसांकडे जातं. कोण जिंकलं यापेक्षा, उद्या दोघांनाही याच नळावर यायचंय, हे महत्त्वाचं!

या आठवड्यात वर्गात भांडण झालं, तर मध्ये न बोलता आधी दोघांचंही पूर्ण ऐकून घ्या. आईबाबांनो, घरी तुम्हीसुद्धा! काय झालं ते पत्रानं कळवाल ना?

तुमच्या बाई