औषधांची डबी आणि सरकणारी अक्षरे

गेल्या पावसाळ्यात खारघरमधील ८२ वर्षांच्या एका आजोबांना पाहण्यास मी त्यांच्या घरी गेलो होतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांना उठताना चक्कर आली होती, नाडी मिनिटाला अवघी ४६ होती. औषधांची डबी पाहताच कारण उमगले. रात्री मधुमेहाच्या मेटफॉर्मिनऐवजी सकाळचीच मेटोप्रोलॉलची, म्हणजे रक्तदाब व हृदयाची गती कमी करणारी गोळी पुन्हा दिली गेली होती.

"डॉक्टर, उद्याच ब्युरोला सांगून हिला बदलतो," आजोबांचे चिरंजीव म्हणाले. सांभाळणारी ताई मान खाली घालून उभी होती. मी एकांतात विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, सावकाश वाचलं तर कळतं, घाईत अक्षरं सरकतात. म्हणूनच नववीत शाळा सुटली. आधी सांगितलं असतं तर काम मिळालं नसतं."

मी फाइल पुन्हा उघडली. दोन्ही नावांची सुरुवात सारखी, अक्षर माझे, आणि तेही घाईचे! चूक तिची एकटीची नव्हती.

तपासणीवाचून मी तिच्या अडचणीला नाव देणार नाही. परंतु अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, अवधानाची अस्थिरता यांसारख्या मेंदूच्या वेगळ्या घडणीसह अनेक माणसे मोठी होतात, नोकरी करतात. २००७ च्या 'तारे ज़मीन पर' चित्रपटातील मुलगा आपण पाहिला. तशी मुले मोठी होऊन कोठे जातात, हे मात्र आपण विचारले नाही. त्यांतील काही आपल्याच वडीलधाऱ्यांची सेवा करीत असतील. याच ताईच्या हाताखाली आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या पाठीवर एकही जखम झाली नव्हती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. व्यक्तीच्या गरजेनुसार कामात वाजवी फेरबदल करून देण्याचे तत्त्वही त्यात आहे. कायद्याचा हात घराच्या उंबऱ्याआत सहज पोहोचत नाही. तेथे आपणच समंजसपणा दाखवावा लागतो.

आम्ही एवढेच केले. आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरण्याचे काम चिरंजीवांनी घेतले. सकाळच्या खणांवर सूर्य, रात्रीच्या खणांवर चंद्र काढला. मी औषधांची नावे मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून दिली. सूचना एका वेळी एकच द्यायची आणि ताईने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, असे ठरले. गोळ्या देताना तिला कोणीही हाक मारायची नाही. मदतनीस स्वमग्न असेल, तर दिनक्रमातील बदल आदल्या दिवशी सांगावा. लक्ष विचलित होत असेल, तर मोबाइलचा गजर लावावा.

ताई आजही तेथेच आहे. गोळ्यांची चूक पुन्हा झालेली नाही.

या रविवारी आपल्या घरातील मदतनिसाजवळ बसून डबी उघडा आणि विचारा, "यातलं काय वाचायला अवघड जातं?" उत्तर काहीही आले, तरी रागावू नका. ज्या घरात अडचण सांगण्याची भीती वाटते, तेथे चूकही लपवली जाते. आणि लपलेली चूक रुग्णाला भोवते. चुकीची गोळी गेल्याची शंका येताच, विशेषतः चक्कर किंवा मंद नाडी असल्यास, वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.