यंत्र आपले, परवाना कुणाचा?

संगणक हे फ्रीजसारखे एकदा आणून ठेवायचे यंत्र नव्हे. तो घराबरोबर वाढतो. थोरल्याच्या कॉलेजसाठी घेतलेल्या यंत्रात पुढे मेमरी वाढते, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी येते आणि धाकटीचे शिक्षणही त्यावरच पार पडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून यंत्र जुळवण्याची रीत मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली आहे. प्रश्न उद्भवतो तो मदरबोर्ड बदलल्यावर. यंत्र सुरू होते, फायली जागच्या जागी असतात. पण पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करण्याची पुसट सूचना उमटते. पैसे मोजून घेतलेली प्रणाली पुन्हा ओळख मागू लागते.

ही ओळखपरेड घरोघरी पोहोचली २००१ मध्ये, विंडोज एक्सपीबरोबर. एकच सीडी शेजारीपाजारी फिरत असे. त्याला आळा घालणे हा हेतू होता. प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड, मेमरी अशा दहा बाबींवरून यंत्राचा जणू अंगठ्याचा ठसा घेतला जाई. एखाददुसरा भाग बदलला तर चालत असे. फार बदल झाले की यंत्र नवे ठरे. तत्त्व आजही तेच आहे. मेमरी, डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बदलल्याने परवान्याला सहसा धक्का लागत नाही. मदरबोर्ड बदलला, की मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो दुसराच संगणक.

असे का, हे समजायला आपल्या ओळखीचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार आठवावा. घर वापरायला मिळते, मालकी मिळत नाही. विंडोजचेही तसेच; आणि त्यातही दोन प्रकार. यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. खरेदीच्या वेळी किंमत सगळेच विचारतात, हा फरक फार थोडे विचारतात.

२०१६ पासून विंडोज १० मध्ये थोडी सोय झाली. परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवला, तर हार्डवेअर बदलल्याचे ट्रबलशूटरमध्ये कळवून तो परत मिळवता येतो. पण ही गाठ बोर्ड बदलण्याआधी मारायची असते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी कीदेखील आधीच लिहून ठेवावी. ओईएम परवान्याला मात्र एवढ्याने हमी मिळत नाही.

हा विषय आज निकडीचा झाला आहे. विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यामानाने नवे प्रोसेसर लागतात. म्हणजे अनेक घरांपुढे प्रश्न आहे : बोर्ड आणि प्रोसेसर बदलावा, की धडधाकट यंत्र भंगारात काढावे? बोर्ड बदलावा, तर परवान्याचा अडसर.

नक्कल रोखण्याचा कंपनीचा हक्क मी नाकारत नाही. परंतु यंत्र केव्हा 'तेच' आणि केव्हा 'दुसरे', हे ठरवण्यात विकत घेणाऱ्याला काहीच स्थान नसावे, हे मला पटत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केले. त्या विचारात परवान्यांचाही समावेश व्हायला हवा. तोवर ग्राहकाने एवढे तरी करावे : परवाना कोणत्या प्रकारचा, हे बिलावर लिहून घ्यावे.