दिव्यांगांसाठी राखीव वाहनतळ : कायदा आहे, परवाना नाही

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून निघणारी जंबू सवारी ज्या सय्याजीराव मार्गाने बन्नीमंटपाकडे जाते, त्या मार्गाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव आहे. याच परिसरात देवराज मार्केट आहे, जवळच देवराज अर्स मार्गावरील दुकानांची गर्दी आहे आणि काही अंतरावर कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे. वाहन उभे करण्यासाठी जागा शोधणे हे या भागात प्रत्येकाच्याच वाट्याला येते. परंतु धडधाकट माणूस गाडी अर्धा किलोमीटर दूर लावून चालत येऊ शकतो. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला तेवढे अंतर कापता येत नाही आणि दाराजवळ जागा मिळाली नाही, तर तिला काम न करताच परतावे लागते. त्यामुळे दिव्यांगांसाठी वाहनतळावर राखीव जागा ठेवणे ही केवळ सवलतीची बाब राहत नाही. रुग्णालय, न्यायालय, बँक आणि बाजार यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या हक्काशी तिचा थेट संबंध आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती दिव्यांग असून, त्यांपैकी सुमारे १३ लाख २४ हजार कर्नाटकात तर २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. हालचालीशी संबंधित अपंगत्व असणाऱ्यांची देशातील संख्या ५४ लाखांच्या घरात होती. त्यानंतर २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्यताप्राप्त प्रकार २१ पर्यंत वाढवले. हे लक्षात घेता राखीव जागेची गरज असणाऱ्यांची संख्या नगण्य आहे, असे म्हणता येणार नाही.

कायद्याची वाटचाल

अपंग व्यक्तींच्या समान संधी व हक्कांसंबंधीचा १९९५ चा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. रस्ते आणि इमारती अडथळाविरहित करण्याची तरतूद त्यात होती. मात्र शासन व स्थानिक संस्थांच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, अशी पुस्तीही तिला जोडलेली होती. १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारास अनुसमर्थन दिले आणि या कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला.

या कायद्याच्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ येथील वाहनतळ सुगम्यतेच्या मानकांनुसार असावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. कलम ४४ नुसार, मानकांचे पालन न करणाऱ्या बांधकामास परवानगी व पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. हे नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले, म्हणजे ती मुदत २०२२ च्या जूनमध्ये पूर्ण झाली. कायद्याचा भंग करणाऱ्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, तर त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

मानकांचा तपशीलही बराच जुना आहे. इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत किमान दोन मोटारींसाठी जागा राखावी आणि तिची रुंदी किमान ३.६ मीटर असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेत नमूद आहे. नेहमीच्या जागेपेक्षा ही रुंदी सुमारे एक मीटरने अधिक आहे. गाडीचे दार पूर्ण उघडून त्याला लागून चाकाची खुर्ची उभी करता यावी, हा त्यामागील हेतू आहे. म्हणूनच नेहमीच्याच चौकटीत निळ्या रंगावर खुर्चीचे पांढरे चिन्ह रंगवल्याने गरज भागत नाही. शेजारची गाडी अगदी खेटून उभी राहिली, की राखीव जागा मिळूनही माणूस गाडीतच अडकून पडतो.

शिफारस की बंधन?

ही मानके बंधनकारक आहेत की केवळ मार्गदर्शक, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१७ रोजी सविस्तर निर्देश देण्यात आले. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत असल्याचा निर्वाळा दिला. कायदा बंधनकारक मानके मागतो, तर हा नियम केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो, हे विसंगतीचे कारण होते. किमान आवश्यक बाबी वेगळ्या काढून त्या सक्तीच्या कराव्यात आणि तसे नियम तीन महिन्यांत तयार करावेत, असे निर्देश केंद्र शासनाला देण्यात आले. वाहनतळाच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व मोठे आहे. जागेची रुंदी आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर या मोजता येण्याजोग्या गोष्टी असून, किमान सक्तीच्या बाबींत त्यांचा समावेश करण्यात कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

जागा व्यक्तीची की वाहनाची?

जागा आखली गेली तरी ती वापरण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न शिल्लक राहतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या कायद्याच्या आधारे वाहनतळ परवान्याची योजना सुरू झाली. पूर्वी नारिंगी असलेला हा परवाना २००० पासून निळ्या रंगात मिळू लागला. तो व्यक्तीच्या नावे असतो. ती व्यक्ती स्वतः गाडी चालवत असो वा मुलाच्या किंवा मित्राच्या गाडीतून प्रवास करत असो, परवाना तिच्याबरोबर जातो. बाहेरून न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये हे परवाने देण्यास सुरुवात झाली. युरोपीय संघानेही सदस्य देशांत परस्परमान्य असलेल्या वाहनतळ पत्रिकेसाठी २०२४ मध्ये नवे निर्देश संमत केले.

भारतात देशभर चालेल असा वाहनतळ परवाना नाही. दिव्यांगांना मिळणारे वैश्विक ओळखपत्र देशभर ग्राह्य आहे. परंतु त्यावरील पांढरा, पिवळा किंवा निळा रंग अपंगत्वाची टक्केवारी दर्शवतो. ती व्यक्ती किती अंतर चालू शकते, याचा बोध त्यातून होत नाही. शिवाय ते खिशात ठेवायचे पत्र आहे, गाडीच्या काचेवर लावायचे नव्हे. दुसरीकडे, मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीत दिव्यांगांसाठी बदल केलेल्या वाहनाची व्याख्या आहे. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणी अर्जात दिव्यांग मालकीचा स्वतंत्र उल्लेख करण्याची सोयही झाली. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकराची सूटसुद्धा अशा विशेष रचनेच्या वाहनालाच आहे. थोडक्यात, आपली व्यवस्था वाहन ओळखते. त्या वाहनात बसलेल्या प्रवाशाला ओळखण्याचे साधन तिच्याकडे नाही. पक्षाघात झालेल्या वडिलांना साध्या मोटारीतून रुग्णालयात आणणाऱ्या मुलीने राखीव जागेत गाडी लावली, तर तिचा अधिकार ठरवणार कोण? प्रत्यक्षात हा निर्णय बहुधा वाहनतळावरील रखवालदार घेतो.

आपल्या शहरांतील वास्तवाचा आणखी एक पैलू आहे. अनेक दिव्यांग व्यक्ती बाजूला चाके जोडलेली स्कूटर वापरतात. दुचाकींच्या रांगेत ती मावत नाही आणि मोटारींच्या रांगेत तिला उभे राहू दिले जात नाही. मानके मात्र प्रामुख्याने मोटार डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहेत. दुचाकींची वर्दळ मोठी असलेल्या म्हैसूरसारख्या शहरात या स्कूटरसाठी वेगळी व थोडी रुंद जागा आखणे हा अल्प खर्चाचा उपाय ठरेल.

अंमलबजावणीची साखळी

बाजाररस्त्यावरील राखीव जागेबाबत जबाबदारी विभागलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याची ठिकाणे राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेली यंत्रणा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून निश्चित करते. रस्त्याची मालकी बहुधा महानगरपालिकेकडे, कारवाई वाहतूक पोलिसांकडे आणि शुल्कवसुली अनेकदा कंत्राटदाराकडे असते. जबाबदारी अशी वाटली गेली, की तक्रारदाराची या दारातून त्या दारात पाठवणी होते. शुल्क वसुलीच्या कंत्राटातच राखीव जागा मोकळी ठेवण्याची अट आणि तिच्या भंगाबद्दल दंड नमूद केला, तर ही पळवाट बऱ्याच अंशी बंद होऊ शकेल.

नागरिकांच्या हाती असलेले साधनही दुर्लक्षित राहू नये. २०१६ च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्यात दिव्यांग आयुक्त असून, हक्क डावलले गेल्यास ते तक्रारीवरून किंवा स्वतःहून चौकशी करू शकतात. त्यांच्या शिफारशीवर संबंधित यंत्रणेने काय कार्यवाही केली, हे तीन महिन्यांत कळवावे लागते. रेल्वे स्थानकासारख्या केंद्रीय आस्थापनेबाबत मुख्य आयुक्तांकडे दाद मागता येते. ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागाची घोषणा करणाऱ्या महाराष्ट्रालाही हाच प्रश्न लागू आहे. पुणे असो वा नागपूर, सोसायटीचा वाहनतळ असो वा नाट्यगृहाचा, परिस्थिती म्हैसूरहून फार निराळी नाही.

म्हैसूर हे वाक् व श्रवण क्षेत्रातील अखिल भारतीय संस्थेचे शहर आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत उपचारांसाठी दूरवरून कुटुंबे येतात. दसऱ्याच्या काळात पर्यटकांची त्यात भर पडते आणि राजवाड्याभोवती वाहनांवर निर्बंध येतात. परगावाहून आलेल्या दिव्यांग व्यक्तीला स्थानिक पातळीवर दिलेल्या परवानगीचा उपयोग होत नाही. व्यक्तीच्या नावे, ठळक, पडताळता येण्याजोगा आणि सर्व राज्यांत ग्राह्य असा परवाना वैश्विक ओळखपत्राशी जोडून देणे त्यासाठी आवश्यक आहे. ओळखपत्राची यंत्रणा उभी आहे, मानकांची मापे ठरलेली आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळाही स्पष्ट आहे. या तीन गोष्टींची सांगड घालणारा एक नियम झाला, तर रस्त्यावर रंगवलेल्या निळ्या चौकटीला अर्थ प्राप्त होईल.