कोंडाण्याच्या उतारावरचा वसंत

फाल्गुनात कर्जतहून कोंडाणे लेण्यांकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत एक विसंगती जाणवते. रस्त्यालगतच्या बंगल्यांच्या आवारात हिरवळीवर पाण्याचे फवारे चालू असतात, तरीही दुरून आणलेली शोभेची रोपे उन्हाने माना टाकून उभी असतात. पुढे राजमाचीच्या पायथ्याचा उतार लागतो. तेथे कोणी तांब्याभर पाणीही घातलेले नसते आणि तो उतार फुलांनी पेटलेला असतो.

मुंबई, कल्याण, पनवेल येथील अनेक व्यापारी कुटुंबांनी कर्जत-खालापूर परिसरात घरे बांधली आहेत. आपल्या बागेत इतरांकडे नसलेले काही असावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविकच. ते आगळे धन या उतारावरच आहे. बागांमध्ये मात्र ते क्वचितच दिसते.

सोनसावर हे त्यांतले पहिले. कित्येकजण त्यास गणेर म्हणतात. उन्हाने तापलेल्या खडकाळ जागी, एकही पान नसलेल्या वाकड्या फांद्यांच्या टोकांवर त्याची तळहाताएवढी सोनेरी फुले उमलतात. पळसाचा केशरी रंग होळीमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. काटेसावर आणि पांगारा यांच्या लाल फुलांवर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी गर्दी करतात. अंजनीची तऱ्हा याहून निराळी. तिची पाने बाराही महिने हिरवी असतात आणि वसंतात नुसत्या काड्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे दाट गुच्छ येतात. माथेरानच्या रानात ती विपुल आहे. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात आणि त्याच सुमारास महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला तामण जांभळ्या रंगाने बहरतो.

ज्या काळ्या पाषाणात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोंडाण्याची बौद्ध लेणी कोरली गेली, त्याच पाषाणावरील उथळ मातीत यांतील कित्येक झाडे वाढतात. पाणी मिळत नाही हे ओळखून सोनसावर, पळस, सावर यांसारखे वृक्ष आधी पाने गाळतात. पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय त्यामुळे थांबतो. राखून ठेवलेल्या पुंजीवर ते फुलतात, आणि पाने आड न आल्याने ती फुले पाखरांना दुरूनही दिसतात. मंदीत खर्च आवरून भांडवल जपणाऱ्या जाणत्या व्यापाऱ्यास हा जमाखर्च समजावून सांगावा लागणार नाही.

येथे प्रश्न केवळ शोभेचा नाही. कर्जत परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही डोंगरउतारामुळे पाणी वाहून जाते, आणि चैत्र-वैशाखात अनेक आदिवासी वाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. हिरवळीसाठी कूपनलिकेतून उपसलेले पाणी त्याच भूमीच्या पोटातले असते. पाण्याचा थेंबही जपून वापरण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांच्या बागेतही तो दिसावयास हवा.

जैन कुटुंबांच्या बागेत आणखी एका वृक्षास मानाचे स्थान मिळावे. तीर्थंकरांच्या अष्ट प्रातिहार्यांत ज्या अशोकवृक्षाची गणना होते, तो कुंपणालगत सरळसोट वाढणारा अशोक नव्हे. खरा अशोक म्हणजे सीता-अशोक. त्याची छाया दाट असते. कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती असते. वसंतात जुन्या फांद्यांवरही पिवळट-नारिंगी फुलांचे झुपके येतात आणि पुढे ते लाल होतात. औषधासाठी सालीची अपरिमित तोड झाल्यामुळे रानात तो विरळ झाला असून जगातील असुरक्षित वृक्षांत त्याची नोंद आहे. त्यास ओलावा व थोडी सावली लागते. स्वयंपाकघराचे धुण्याचे पाणी जेथे बाहेर पडते, ती जागा त्यास मानवते.

लागवड मृगाच्या सरींनंतर करावी, म्हणजे मुळे पावसाळ्यात धरतात. पहिले दोन उन्हाळे बुंध्याशी पालापाचोळा पसरून थोडे पाणी द्यावे. काटेसावर मोठी होते, तिच्या खोडावर काटे असतात, म्हणून ती घरापासून दूर असावी. लहान आवारात बहावा किंवा अंजनी शोभते. बहाव्याचे बी कठीण कवचाचे असते. ते किंचित घासून पेरावे. रानातील रोप मात्र उपटून आणू नये. बियांपासून वाढविलेली रोपे देशी वृक्षांच्या रोपवाटिकांत मिळतात.

या झाडांना पहिला बहर येण्यास काही वर्षे लागतात. एवढा धीर ज्या घराने धरला, त्याच्या अंगणात पुढे प्रत्येक फाल्गुनात फुलांचा सडा पडेल आणि फवारा बंद असेल.