बाहेरची गिटार

गिटार वाजवणाऱ्या माणसाला दोन-चार वर्षं झाली की कुणीतरी जाणता त्याला हमखास एक सल्ला देतो. "चांगली घरी ठेव. बाहेर न्यायला एखादी टाकाऊ घेऊन टाक." ट्रेक असो, मित्राच्या शेतावरची शेकोटी असो, आवासचा समुद्रकिनारा असो की कोकण रेल्वेचा जनरल डबा, 'बाहेर'साठी वेगळी गिटार. तुटली तर तुटली, चोरीला गेली तर गेली. सल्ला इतका शहाणा वाटतो की कुणी त्याला उलटून प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नव्हता. उलट अकरा वर्षं तो पाळला आणि पुढे दहा-पंधरा जणांना दिलाही. आता तो मला नुसता चुकीचा नव्हे, दुष्ट वाटतो. का, ते सांगतो.

माझी बाहेरची गिटार ३,२०० रुपयांची होती. काळी, चकचकीत, दुकानाच्या दर्शनी भागात ओळीनं टांगलेल्या असतात त्यांतली. ती राजमाचीला गेली, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपली, एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या फटीत उभी राहून मालवणपर्यंत गेली. तिला कधी काही झालं नाही, आणि याचा मला अभिमान होता. ती वाजायची कशी, हा प्रश्न मनात येत नसे. "बाहेरची आहे," एवढ्यात सगळं आलं.

दर डिसेंबरात आम्ही काही मित्र मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत दोन दिवस जातो. गणित-विज्ञानाचे खेळ, थोडी गाणी. एका वर्षी संध्याकाळी आठवीतली एक मुलगी गिटार मागायला आली. तिचा कान पक्का होता. मी वाजवलेली चाल तिनं एका तारेवर शोधून काढली होती, कुणी न शिकवता. मी तिला सी कॉर्ड दाखवली. तिनं बोटं ठेवली, दाबली, पुन्हा दाबली. तीन तारा मुक्या, एक खरखरणारी. बोटांच्या टोकांवर लाल खाचा उमटल्या. अर्ध्या तासानं तिनं गिटार परत दिली आणि म्हणाली, "सर, माझी बोटं लहान आहेत म्हणून येत नाही ना?"

मी काय म्हणालो? "सराव केला की येईल." हे खोटं होतं, आणि मला ते तेव्हा कळतही नव्हतं. घरी आल्यावर पट्टी लावून पाहिलं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची पाच मिलिमीटर! साधारण अडीच असावी. बारीक तारेची त्याहून थोडी कमीच. नटच्या खाचा इतक्या उथळ कापलेल्या की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला माझ्याच बोटाला जोर करावा लागत होता. मला फक्त त्याची सवय झाली होती. वरच्या फ्रेटांवर स्वर चढा लागत होता. म्हणजे त्या मुलीनं कॉर्ड अचूक दाबली असती तरी ती बेसूरच वाजली असती, आणि ज्या कानानं तिनं चाल शोधली होती, त्याच कानानं तिला सांगितलं असतं की तू चुकते आहेस.

वाईट वाद्य शिकणाऱ्याला फसवतं, ते असं. दोष लाकडाचा, पण तो बोटांच्या नावावर जमा होतो. वाजवणाऱ्याला फरक पडत नाही, कारण त्याच्याकडे घरी दुसरी गिटार आहे आणि तुलना आहे. जिच्याकडे तुलना नाही ती निमूट मान्य करते की आपल्या हातात नाही.

आणि बाहेरची गिटार नेमकी अशांच्याच हातात जाते, हे त्या सल्ल्यात कुणी बोलत नाही. घरची गिटार मी एकटा वाजवतो, दार लावून. सहप्रवाशाचा मुलगा, शेतावरचा गडी, शेकोटीभोवतीचं कुणीतरी "मी जरा बघू का?" म्हणतं, ते बाहेरच्या गिटारला. वर्षभरात माझ्या चांगल्या गिटारला माझ्याखेरीज कुणी हात लावला नसेल. त्या काळ्या गिटारला शंभरेक जणांनी लावला असेल. आमच्या लहानपणी बऱ्याच घरांत खिडकीत एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. कामवाल्या मावशींचा. त्या कपाबद्दल मी तावातावानं बोलत आलो आहे. खांद्यावर तोच कप अडकवून अकरा वर्षं हिंडत होतो.

आपल्याकडे वाद्य बाहेर नेण्याची रीत याच्या उलटी आहे. आषाढी वारीसाठी आळंदीहून पंढरपूरला दिंड्या निघतात. पाऊस, चिखल, दिवे घाट, अडीचशेच्या आसपास किलोमीटर. गिटारवाल्यांच्या भाषेत याहून जोखमीची सहल नाही. तिथं वीणा कुणाच्या गळ्यात असते? मानाच्या माणसाच्या. ती जमिनीवर टेकवत नाहीत. वीणेकरी दमला तर पाया पडून दुसऱ्याच्या गळ्यात देतात. 'घरची वीणा वेगळी, वारीची वेगळी' असं म्हणून पाहा एखाद्या माळकऱ्याला. त्याच मोखाडा-जव्हार पट्ट्यात तारपा आहे. वाळवलेला भोपळा, बांबू, ताडाची पानं, सांध्यांना मेण. गिटारहून कितीतरी नाजूक. तो घरात ठेवण्यासाठी बनतच नाही. अंगणात, रात्रभर, नाचणाऱ्यांच्या मधोमध वाजण्यासाठी बनतो. बिघडला तर दुरुस्त करतात.

दूरचं उदाहरण हवं असेल तर शॅकल्टनचं घ्या. १९१५ साली त्याचं 'एन्ड्युरन्स' जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडलं, तेव्हा प्रत्येकाला जवळ ठेवायला दोनेक पौंड खाजगी सामानाची मुभा होती. लेनर्ड हसीचा बॅन्जो बाराएक पौंडांचा. शॅकल्टननं तो मुद्दाम घ्यायला लावला, आणि एलिफंट बेटावर उलट्या घातलेल्या होड्यांखाली अडकलेल्या माणसांना तो महिनोन्‌महिने पुरला. आज तो ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. त्या बर्फावर हसीकडे टाकाऊ बॅन्जो असता तर तो खरंच टाकला गेला असता.

इथं मला ठाऊक असलेला आक्षेप येतो: "मग काय लाखाची गिटार घेऊन गड चढू?" नाही. स्वस्त आणि टाकाऊ यांत फरक आहे, आणि माझं भांडण दुसऱ्या शब्दाशी आहे. बी. बी. किंग १९४९ साली आर्कन्सॉतल्या ट्विस्ट गावात वाजवत असताना हॉलला आग लागली. बाहेर पडल्यावर गिटार आत राहिल्याचं आठवून तो परत आत शिरला. ती गिटार तीसेक डॉलरची होती. शहाणपणाचं नव्हतं, त्यानं स्वतःच पुढे त्या वेडेपणाची आठवण म्हणून गिटारचं नाव ल्युसिल ठेवलं. पण त्याच्या लेखी ती स्वस्त होती, टाकाऊ नव्हती.

पिढीजात किंवा दुर्मीळ गिटार घरीच राहावी, यावर वाद नाही. अस्सल सलग लाकडाच्या गिटारीही कोकणच्या पावसात नेऊ नयेत, पण त्याचं कारण किंमत नाही, लाकूड आहे. सलग लाकूड हवेतली ओल पिऊन रेषांच्या आडवं फुगतं आणि कोरड्या थंडीत आक्रसतं. चांगल्या गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैतल्या रत्नागिरीत ती किती असते ते वाळत न घालता येणाऱ्या टॉवेलला विचारा. वरची फळी फुगते, तिच्याबरोबर ब्रिज वर येतो, तारा उंचावतात. पुन्हा डिसेंबरात नाशकाला न्या, आक्रसून चीर जाते. प्लायवूडचे थर एकमेकांच्या आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते यातलं बरंच सोसतं. गिटारवाल्यांच्या बैठकीत 'लॅमिनेट' हा शब्द शिवीसारखा उच्चारतात. आवाजात फरक पडतो, खरंय. पण धाब्यावर, ट्रकच्या आवाजात, तो फरक ऐकू येतो असं सांगणाऱ्याला मी नम्रपणे नमस्कार करतो.

म्हणजे बाहेरच्या गिटारचं शरीर साधं असू द्या; मान आणि तारांची उंची साधी नको. पैसे तिथं घाला. मानेत ट्रस रॉड हवाच, कारण स्टीलच्या सहा तारा मिळून सत्तर किलोहून जास्त ओढ देतात आणि ऊन-पावसात मान वाकते. ती सरळ करायची सोय नसेल तर ती गिटार दोन पावसाळ्यांची सोबती. खुंट्या सूर धरणाऱ्या हव्यात. मी शेवटी सेकंडहँड यामाहा एफ ३१० घेतली, लॅमिनेट, ६,००० रुपयांना, आणि वर ९०० रुपये कारागिराला देऊन नट, सॅडल, फ्रेट नीट करून घेतले. ते ९०० रुपये म्हणजे खरी खरेदी. छोट्या 'ट्रॅव्हल' गिटारींच्या मागे मी लागलो नाही. काहींचा आवाज चांगला असतो, पण वल्ह्यासारख्या अरुंद अंगाच्या गिटारचा आवाज शेकोटीच्या पलीकडे पोचत नाही, आणि मांडीवर धरायला नवशिक्याला त्रास होतो.

जोखीम उरतेच. ती कमी करायची असते, अपमान करून टाळायची नसते. पिशवीतली गिटार पडली की बहुधा नटच्या मागे, जिथं मान सर्वांत बारीक असते तिथं मोडते, कारण पिशवी अंगाला उशी देते आणि डोकं अधांतरी असतं. मानेखाली गुंडाळलेला पंचा ठेवला की बरंचसं भागतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीही नाही, सरस मऊ पडतो आणि ब्रिज उचकटतो. बाकी देवावर. चोरीला गेली तर मला वाईट वाटेल, दोन दिवस जेवण जाणार नाही, पण घरखर्चाला हात लागणार नाही. बाहेरची गिटार निवडायचं माझं माप आता हेच आहे. पूर्वीचं माप होतं, हरवली तर काहीच वाटू नये. जिच्याबद्दल काहीच वाटत नाही ती दुसऱ्याच्या हातात द्यायची कशी?

त्या काळ्या गिटारबद्दल शेवटी आमच्यात थोडं वाजलं. एक मित्र म्हणाला, पडून आहे तर आश्रमशाळेलाच देऊन टाकू, मुलांना तेवढीच. मी नाही म्हणालो. त्याला वाटलं मी कंजूषपणा करतोय. तसं त्यानं इतरांनाही सांगितलं. शहरातल्या माळ्यांवरून असल्या किती गिटारी 'दान' होऊन शाळांच्या कपाटांवर पोचतात, आणि किती मुलांना आपल्याला संगीत येत नाही हे पटवतात, ते एकदा कुणीतरी पट्टी घेऊन मोजावं. माझी कारागिराला दाखवली. तो म्हणाला मानेत रॉड नाही, नुसत्या खाचा कापून उपयोग नाही. खुंट्या काढून ठेवल्या आहेत, बाकी माळ्यावर.

ती मुलगी दहावी होऊन गेली. पुढे कुठं ते शाळेत कुणाला नेमकं सांगता आलं नाही. यंदा डिसेंबरात दोन गिटारी न्यायच्या ठरल्या आहेत. दुसरी तीन-चतुर्थांश आकाराची, नायलॉन तारांची, लहान बोटांसाठी. तिचा नट परवाच घासून आणला. पहिल्या फ्रेटवर तार करंगळीनं दाबली तरी स्वर स्वच्छ येतो.